मॅग्नेटिक कॅलरीमीटर: अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यातील आमच्या प्रयोगशाळेत मॅग्नेटिक कॅलरीमीटर, म्हणजे किरणोत्सारी विघटनाची ऊर्जा उष्णतेच्या रूपात मोजणारा हा डिटेक्टर, डायल्यूशन रेफ्रिजरेटरवर (निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करणाऱ्या यंत्रावर) बसवून बरेच महिने झाले आहेत. सिलिकॉन डिटेक्टर सोडून याच्याकडे वळावे का, असे अनेकांनी विचारल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

किरणोत्सारी नमुना सोन्याच्या पातळ पत्र्यात पूर्ण बंद करून २० मिलिकेल्व्हिनच्या (निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वरच्या तापमानाच्या) आसपास थंड करायचा आणि प्रत्येक विघटनाने सोने किती तापले, हे एर्बियममिश्रित संवेदकाच्या चुंबकनातील फरकावरून स्क्विडने (अतिसंवेदनशील चुंबकीय मापकाने) मोजायचे, असे याचे तत्त्व आहे. अमेरिशियम-२४१ च्या एका विघटनाची ऊर्जा एका जूलच्या लाख कोटीव्या भागाहूनही कमी असते, तरी तिचा स्पंद पडद्यावर स्वच्छ उमटतो. सिलिकॉनमध्ये आपण ५४८५.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (अणुपातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जेचा अल्फा कण मोजतो. येथे मागे ढकललेल्या नेप्च्युनियमच्या अणुकेंद्राचे सुमारे ९३ आणि गॅमाचे ५९.५ त्यात मिळून ऊर्जेच्या वर्णपटातील शिखर ५६३७.८ वर येते. गॅमा सोन्यातून निसटला, तर ५५७८ जवळ दुसरे शिखर दिसते. ही बेरीज जुळताना पाहण्याचा आनंद मला आजही तितकाच होतो.

खरा कस लागतो तो नमुना तयार करताना. द्रावणाचा थेंब नुसता सुकवला, तर त्यात क्षाराचे स्फटिक उरतात, काही ऊर्जा त्यांच्या रचनेतील दोषांत अडकते आणि शिखराला डावीकडे, म्हणजे कमी ऊर्जेच्या बाजूला, शेपूट फुटते. पत्रा घडीच्या पोळीसारखा दुमडून पुन्हा पुन्हा दाबला, की स्फटिक बारीक होतात आणि शिखर अरुंद होते. या कामात घाई अजिबात चालत नाही.

पावसाळ्यात क्रायोस्टॅट (डिटेक्टर थंड ठेवणारे निर्वात पात्र) उघडला, तर आतील पृष्ठभाग दमट हवेतील बाष्प शोषतात आणि निर्वात करण्यास फार वेळ लागतो; नमुने शक्यतो कोरड्या दिवसांतच बदलावेत. वळवाच्या पावसात वीज गेली आणि रेफ्रिजरेटरचा कंप्रेसर थांबला, की तापमान चढू लागते, त्यामुळे कंप्रेसरलाही जनरेटरची जोड हवीच.

स्पंद ओसरण्यास कित्येक मिलिसेकंद लागत असल्याने नमुना काही बेकरेलचाच (सेकंदाला मोजकीच विघटने होणारा) ठेवावा लागतो. रोजच्या मोजणीसाठी म्हणूनच मी हा सुचवणार नाही. मात्र निकेल-६३ च्या बीटा वर्णपटाची, कमाल ६७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खूप खालची बाजू तपासायची असेल, किंवा विघटन-ऊर्जेत जेमतेम ११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे अंतर असलेले प्लुटोनियम-२३९ आणि २४० वेगळे करायचे असतील, तर एवढा खर्च आणि खटाटोप करण्याजोगाच हा डिटेक्टर आहे.