काळ्या पिसांवर जाऊ नका: कडकनाथच्या नावाखाली माझे ८९,४०० रुपये गेले

कडकनाथ, म्हणजे कातडीपासून हाडापर्यंत काळी असणारी कोंबडीची जात, म्हटलं की सगळ्यांना २०१९ मधलं सांगली-कोल्हापूरकडचं शेतकऱ्यांच्या फसवणुकीचं प्रकरण आठवतं. मलाही आठवत होतं, म्हणूनच बायबॅकवाल्या, म्हणजे पक्षी देऊन माल परत विकत घेऊ म्हणणाऱ्या, कुणाच्याही नादी लागलो नाही. करार नाही, हमीभाव नाही, थेट पक्षी बघून घेतले. त्यामुळे 'हाव नडली' हे मला ऐकवू नका.

हिशेब असा: ६० तलंगा (तरुण माद्या), ८५० रुपयांप्रमाणे ५१,००० रुपये. १० कोंबडे, १,००० प्रमाणे १०,०००. गाडीभाडं ३,५००. 'जीआय (भौगोलिक मानांकन) प्रमाणपत्रा'चे २,५००. एकूण ६७,०००, त्यातले २०,००० यूपीआयनं आणि बाकी रोख. रोख अजिबात देऊ नका, पोलीस सगळ्यात आधी पावतीच मागतात.

ते प्रमाणपत्र म्हणजे शुद्ध थाप. २०१८ मध्ये जीआय मिळालं ते झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला. कुणाच्या शेडमधला पक्षी शुद्ध आहे हे त्यावरून ठरत नाही.

आता ज्या क्षणाचा आजही संताप होतो तो सांगतो. पक्षी उतरवताना तलंगा एकजात काळ्या होत्या: पाय, चोच, जीभ, सगळं. नरांची पिसं तशीच काळी, पण पाय राखाडी-पिवळट आणि तुरा लालसर. एकाचाच नाही, दहाही कोंबड्यांचा. मी तिथल्या तिथे विचारलं. विकणारा म्हणाला, "नर उन्हात फिरतात, तुरा लाल होणारच. वय झालं की पाय काळे पडतील." मी एकाची चोच उघडून बघितली, तर जीभ गुलाबी. तेव्हाच गाडी परत पाठवायला हवी होती. पण साठ माद्या डोळ्यांसमोर काळ्याकुट्ट असताना कुणाला संशय येईल? या फसवणुकीची खुबी तीच आहे.

हे सगळं नंतर पशुवैद्यक महाविद्यालयातल्या ओळखीच्या डॉक्टरांनी उलगडलं. पिसांचा काळेपणा आणि कातडीचा काळेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळी पिसं गावरान कोंबडीलाही असतात. उलट अस्सल कडकनाथमध्ये सोनेरी आणि रेघांची पिसंही असतात. कातडी, जीभ, हाडापर्यंत काळं करणारा गुण वेगळा. २० क्रमांकाच्या गुणसूत्रावरचा एक भाग दुप्पट झाल्यामुळे तो येतो, आणि तो प्रभावी असतो, म्हणजे एका पालकाकडून आला तरी दिसतो. मात्र साध्या कोंबड्यांत हा काळेपणा दाबणारा आणखी एक जनुक असतो, तो झेड या लिंगगुणसूत्रावर. मादीला झेड एकच आणि तेही बापाकडून. म्हणजे अस्सल कडकनाथ कोंबडा साध्या माद्यांवर सोडला, की मुली काळ्या निघतात आणि मुलगे फिके, कारण त्यांना आईकडून तो दाबणारा जनुक मिळतो. माझ्या शेडमध्ये नेमकं हेच उभं होतं! बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांनी सिल्की या काळ्या कातडीच्या जातीच्या संकरावर हे १९११ मध्येच मांडलं होतं. विकणाऱ्याला ते पुरतं ठाऊक असणार, आणि आपल्याला कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत.

याच माद्या-नरांची पुढची पिढी उबवणीच्या मशीनमधून निघाली तेव्हा काही पिल्लं तपकिरी पट्ट्यांची होती. हिशेबानं अशा संकरात आठातली तीनच पूर्ण काळी येतात, तीन फिकी आणि दोन साफ गोरी. सगळी काळीच समजून मी २८० पिल्लं विकली होती, ८० रुपयांनी. लोकांचे फोन सुरू झाले. २२,४०० रुपये परत केले, कारण गावात तोंड दाखवायचं होतं.

मग दारं ठोठावली. पोलीस ठाण्यात म्हणाले, कोंबड्या मिळाल्या ना, मग फसवणूक कसली, दिवाणी दावा लावा. मी भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम दाखवलं, तर अर्ज ठेवून जा म्हणाले. सायबरवाले म्हणतात, माल घरी आला म्हणजे हा ऑनलाइन गुन्हा नाही. पशुसंवर्धनच्या दवाखान्यात 'जात तपासायची सोय नाही' इतकंच, आणि ते लेखी द्यायलाही तयार नाहीत. ग्राहक आयोगाच्या बाहेर कारकून म्हणतो, धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. हे अर्धसत्य आहे: स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलं असेल तर कायद्यात सूट आहे. हे मलाच वाचून काढावं लागलं. पगार घेणाऱ्या एकालाही सांगावंसं वाटलं नाही.

कोंबडा आधी बघा, तलंगा नंतर. जीभ बघितल्याशिवाय पैसे काढू नका. शंका असेल तर दोन कोंबडे आणून गोऱ्या कातडीच्या माद्यांवर वेगवेगळे सोडा. अस्सलाच्या सगळ्या मुली काळ्या निघतील, एक जरी गोरी निघाली तरी सौदा मोडा. 'थांबायला वेळ नाही, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे' असं जो म्हणतो त्याच्या दारातून परत फिरा.

त्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे, फोटोत फक्त तलंगा. तुमच्याकडेही माद्या काळ्या आणि नर फिके आले असतील तर पक्षी विकू नका, कापू नका. पायांचे आणि जिभेचे फोटो तारखेसह काढा, व्यवहाराचे मेसेज जपा आणि मला कळवा. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो, सगळ्यांचा मिळून पोलीस अधीक्षकांकडे द्यायचा आहे.