एक उन्हाळा, एक पावसाळा: घरच्या कॉम्प्युटरवर यूएसबी माइक वापरल्यानंतर

निकाल आधीच देऊन टाकू. खोली शांत असेल तर अडीच-तीन हजारांचा यूएसबी कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा माइक) घरच्या रेकॉर्डिंगला पुरतो. खिडकीखाली रस्ता असेल तर डायनॅमिक (कमी संवेदनशील माइक) घ्या. इथे नाशिकला दोन्ही प्रकार एकाच टेबलावर आलटून पालटून चालले: एक साधा कंडेन्सर आणि दुसरा सॅमसनचा क्यू-टू-यू. हा डायनॅमिक आहे आणि त्याला यूएसबी व एक्सएलआर (स्टुडिओच्या माइकची तीन पिनांची जोडणी) अशा दोन्ही जोडण्या आहेत. काम म्हणजे मराठी वाचन, शिकवणीचे धडे, अधूनमधून व्हॉइसओव्हर.

डायनॅमिक माइक बाहेरचा गोंगाट गाळतो, असं दुकानात सर्रास सांगतात. गाळत वगैरे काही नाही. त्याची संवेदनशीलता कमी, म्हणून त्याच्याशी चार बोटांवरून बोलावं लागतं. तोंड जवळ आलं की गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, खाली आणता येतो आणि रस्त्यावरची रिक्षा आपोआप मागे पडते. तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा गोंगाट मात्र आहे तिथेच राहतो. सगळा खेळ या अंतराचा आहे. कंडेन्सरही तेवढाच जवळ घेतला तर फरक बराचसा मिटतो, पण मग त्यात श्वास आणि फुंकरा फार बसतात. त्याला वीतभरापेक्षा थोडं कमी, १५ सेंटिमीटर अंतर मानवतं.

मराठीत फुंकरांचा त्रास ठरलेला. प, फ, ब, भ आले की हवेचा झोत माइकच्या पडद्यावर आदळतो आणि 'भप्' असा दणका उमटतो. तपासायचं तर 'फाटकापाशी भली थोरली फणसाची फांदी पडली' असं काहीतरी मोठ्याने म्हणून बघा. पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी) माइकला चिकटवू नका, मध्ये दोन इंच तरी जागा ठेवा. त्याहून सोपं म्हणजे माइक तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडे, थोडा तिरका ठेवा. झोत बाजूने निघून जातो आणि आवाज तेवढाच येतो.

आणखी एक गोष्ट डब्यावर नीट लिहिलेली नसते. बरेचसे उभे कंडेन्सर बाजूने ऐकतात, टोकाने नाही. ज्या बाजूला कंपनीचं नाव किंवा दिवा असतो, सहसा ती समोरची बाजू. टोकात बोललात तर आवाज लांबून, डब्यातून आल्यासारखा येतो. माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणारा, असेल तर त्याची पाठ सर्वांत बहिरी. ती पाठ सीपीयूच्या पंख्याकडे किंवा खिडकीकडे करा.

जोडणी सोपी आहे, ड्रायव्हर लागत नाही. डेस्कटॉप असेल तर मागचा, मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा. पुढच्या पोर्टवर किंवा स्वस्त हबवर अधूनमधून तडतड येते. माइक दिसतच नसेल तर आधी केबल बदला. मोबाइल चार्जरबरोबरच्या काही केबल नुसतं चार्जिंग करतात, डेटा नेत नाहीत. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, मग खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज'. रेकॉर्डिंग टॅबमध्ये माइकवर डबल क्लिक करून अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ४८,००० हर्ट्‌झ निवडा आणि ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी बंद असेल तर माइक यादीत दिसतो, पण रेषा सपाट राहते. यात बरेच जण अडकतात. मीटिंगचं सॉफ्टवेअर मागे उघडं ठेवू नका, ते लेव्हल स्वतःहून वरखाली करतं.

ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर) आधीच उघडी असताना माइक लावला तर तो यादीत येत नाही. ऑडिओ सेटअपमधून 'रीस्कॅन' करा. होस्ट विंडोज वासापी (WASAPI), चॅनेल मोनो, प्रोजेक्ट रेट ४८,०००. विंडोजमध्ये ४८,००० आणि ऑडॅसिटीत ४४,१०० ठेवलं तर कधी कधी बारीक तडतड येते, आणि दोष माइकच्या माथी जातो. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या. शून्याला टेकला की आवाज फुटला, आणि फुटलेला आवाज कोणत्याही फिल्टरने जुळत नाही. माइकवरचं बटण गेनचं आहे की हेडफोनच्या आवाजाचं, हे आधी माहितीपत्रकात बघा. ते फिरवून रेकॉर्डिंग मोठं होत नसेल तर ते हेडफोनचं.

आता नाशिकची गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत पंखा बंद ठेवून निवांत काम होतं. एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय बसवत नाही, आणि छताच्या पंख्याची हवा थेट कंडेन्सरवर आली की 'भुर्र' असा खालच्या सुरातला आवाज सतत येतो. पंख्याच्या झोताखालून टेबल बाजूला घ्या आणि माइकला फोमची टोपी घाला. पंख्याचा रेग्युलेटर गोल फिरणारा डिमर असेल तर कमी वेगावर पंखाच गुणगुणतो. टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की हे थांबतं. वीज गेल्यावर जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चालू झाला की तीच गुणगुण दुप्पट जोराने येते. तेव्हा रेकॉर्डिंग थांबवलेलं बरं.

ओझरच्या बाजूला सुखोई उडाली किंवा देवळालीकडून तोफखान्याच्या सरावाचा दणका आला, तर त्यावर सॉफ्टवेअरमध्ये इलाज नाही. वाक्य पुन्हा म्हणायचं. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणताहेत, तिथल्या ब्रेकरचंही तेच.

माइकच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर घरघर बदलत असेल तर दोष अर्थिंगचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर करून बघा. घरघर गेली की खात्री झाली. मग तीन पिनांचं सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या गावठाणातल्या घरांत तिसरं भोक असतं, त्यामागे तार असेलच असं नाही.

खोली घुमत असेल तर एक इंची फोमच्या चौकोनांवर पैसे घालू नका. ते फक्त वरचे सूर शोषतात आणि बाहेरचा आवाज अडवत नाहीत. व्हिट्रिफाइड टाइल्स आणि मोकळ्या भिंती हा खरा गुन्हेगार. बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या भिंतीपासून चार बोटं पुढे टांगा, खाली सतरंजी टाका. साड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीमागे आलं तर उत्तमच.

पावसाळ्यात कंडेन्सर उघडा ठेवू नका. दमट हवेत त्यात फुसफुस आणि अधूनमधून 'टप्प' असे आवाज येऊ लागतात. काम झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. खडे रंग बदलणारे घ्या, म्हणजे ते भिजल्याचं कळतं. डायनॅमिकला एवढे लाड लागत नाहीत, नुसती धूळ झटकली तरी चालतं.

टेबलावरचा छोटा स्टँड मात्र बदलाच. कीबोर्डची प्रत्येक कळ त्यातून 'ठक' करून चढते. लांब हातासारखा स्टँड (बूम आर्म) घेताना पेच बघा: माइकचा सहसा ५/८ इंची, काही स्टँडचा ३/८ इंची. अ‍ॅडॅप्टर स्वस्तात मिळतो, पण नसला तर काम अडतं.

रेकॉर्डिंग स्वच्छ करताना क्रम हा: सुरुवातीची पाच सेकंद न बोलता रेकॉर्ड केलेली असावीत, त्यावरून नॉइज प्रोफाइल (खोलीच्या गोंगाटाचा नमुना) घ्या, नॉइज रिडक्शन ६ ते १० डेसिबलच ठेवा. २० केलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मग ८० हर्ट्‌झचा हाय पास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर), हलका कम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा), शेवटी लाउडनेस. मोनोला उणे १९ लफ्स (LUFS, आवाजाच्या जोराचं माप). जागेचा हिशेब: ४८,००० हर्ट्‌झ, १६ बिट, मोनो म्हणजे तासाला सुमारे ३४५ एमबी. ऑडॅसिटी मूळ स्वरूपात ३२ बिटवर चालते, म्हणून प्रोजेक्ट फाइल याच्या दुप्पट धरा.

दोन जणांची मुलाखत करायची असेल तर दोन यूएसबी माइकच्या फंदात पडू नका. विंडोजवर ऑडॅसिटी एका वेळी एकच उपकरण घेते, आणि जोडून घेतले तरी दोघांची घड्याळं वेगळी असल्याने तासाभरात बोलणं मागेपुढे सरकतं. तिथे दोन एक्सएलआर माइक आणि ऑडिओ इंटरफेस (ते माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) लागतो. क्यू-टू-यूसारखा माइक असेल तर तोच एक्सएलआर केबलने त्यात लागतो, नवा घ्यावा लागत नाही.