एसक्यूलाइटची ‘.रिकव्हर’ आज्ञा: उपयुक्त, पण डोळे मिटून वापरण्याजोगी नव्हे

एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरचा अख्खा डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावतो, आणि ही सोय इतकी अंगवळणी पडते की ती फाइल साध्या कागदपत्रासारखी कॉपी करताना कोणाला काही वावगे वाटत नाही. मीही तेच केले. प्रोग्राम चालू असताना मी फक्त मुख्य फाइलची नक्कल घेतली. नोंद पक्की झालेले, परंतु मुख्य फाइलमध्ये अद्याप न उतरलेले बदल जिच्यात असतात ती ‘वॉल’ फाइल मागेच राहिली. पुढे नक्कल उघडली, तेव्हा ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’, म्हणजे डेटाबेसची फाइल बिघडली आहे, एवढाच संदेश समोर आला.

अशा वेळी २०१९ मध्ये, ३.२९.० या आवृत्तीत आलेली ‘.रिकव्हर’ आज्ञा कामी आली. ती फाइलची पाने (डेटा ज्यांत साठवला जातो ते ठरावीक आकाराचे तुकडे) एकेक करून चाळते आणि जे वाचता येईल ते पुन्हा भरणाऱ्या एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतल्या, आज्ञा लिहून देते. त्या नव्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये चालवायच्या असतात. डेटाबेसचा मजकूर अशाच आज्ञांच्या रूपात काढून देणाऱ्या जुन्या ‘.डंप’पेक्षा हिच्या हाती बरेच जास्त लागले. मात्र ज्या ओळी कोणत्या टेबलच्या हे ठरले नाही, त्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या टेबलमध्ये ‘सी० सी१ सी२’ अशा स्तंभांत येऊन पडल्या, आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे नेमके काय हे ओळखण्यात माझी संध्याकाळ गेली. त्याहून त्रासदायक म्हणजे मी पूर्वी खोडलेल्या काही नोंदीही परत आल्या, कारण ही आज्ञा मोकळी झालेली पानेही तपासते. तसे नको असल्यास ‘इग्नोअर फ्रीलिस्ट’ हा पर्याय द्यावा लागतो, जो मला फार उशिरा सापडला.

केवळ इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्यासाठीची सूची) बिघडला असेल तर एवढा खटाटोप नको, तो नव्याने बांधणारी ‘रीइंडेक्स’ आज्ञा पुरते. निदानासाठी फाइल तपासणारे ‘इंटिग्रिटी चेक’ उत्तम आहे, पण फॉरेन कीचे, म्हणजे एका टेबलमधील नोंदीने दुसऱ्या टेबलमधील नोंदीशी जोडलेले असण्याच्या नियमाचे, उल्लंघन ते दाखवत नाही. त्यासाठी ‘फॉरेन की चेक’ वेगळे चालवावे लागते.

माझ्या मते या सगळ्यात खरा दर्जेदार भाग ‘.बॅकअप’ आणि ‘व्हॅक्यूम इंटू’ या नक्कल घेणाऱ्या आज्ञांचा आहे. डेटाबेस वापरात असतानाही दोन्हींतून सुसंगत नक्कल मिळते. ‘व्हॅक्यूम इंटू’ने तयार झालेली फाइल तर आटोपशीरही असते. आता मी रोज रात्री अशी नक्कल घेतो आणि तिच्यावरच ‘इंटिग्रिटी चेक’ चालवतो. ‘ओके’ असे उत्तर येईपर्यंत आदल्या रात्रीची नक्कल पुसत नाही.