एक्सआरएफ गन: बंद कारखान्याच्या जमिनीवर कितपत कामाची?

बॅटरी फोडून शिसं काढणारं शेड, लाकडाला औषध पाजणारा कारखाना, बंद पडलेलं प्लेटिंग युनिट. अशा जागेवर पुन्हा काही उभारायचं तर आधी कळायला हवं की विष नेमकं कुठे आहे आणि किती खोल. खेड्यातल्या जागेला हे शोधणं महाग पडतं. प्रयोगशाळा लांब, दर नमुन्याला वेगळे पैसे, आणि रिपोर्ट येईपर्यंत जेसीबी उभा. दीडेक किलोची एक्सआरएफ गन, म्हणजे मातीवर क्ष-किरण टाकून तिच्यातले धातू मोजणारं हातातलं यंत्र, इथे खरोखर पैसे वाचवते. मात्र तिला न कळणारं विचारलं, तर तीही बिनदिक्कत आकडा दाखवून मोकळी होते.

शिसं, जस्त, तांबं या धातूंसाठी गन उत्तम. क्रोमियम दिसतं, पण ते हेक्झाव्हॅलंट (जास्त विषारी रूपातलं) आहे की साधं, हे कळत नाही. पेट्रोल, डिझेल, सॉल्व्हंट, पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं विषारी रसायन) यांच्या बाबतीत ती ठार आंधळी. जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेवर ती नेऊच नका, तिथे पीआयडी, म्हणजे अशा रसायनांची वाफ ओळखणारं यंत्र, लागतं. लाकडाच्या कारखान्यात मात्र तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक एकाच ठिकाणी चढलेले दिसले, की सीसीए (याच तिघांचं लाकूड टिकवण्याचं औषध) तिथेच सांडत होतं असं समजायला हरकत नाही.

सगळ्यात फसवा आकडा आर्सेनिकचा. प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत फेकतो आणि गन त्यावरूनच तो ओळखते. शिशाची एल-अल्फा रेषा १०.५५ केईव्हीवर (केईव्ही हे त्या ऊर्जेचं एकक) आणि आर्सेनिकची के-अल्फा १०.५४ वर, म्हणजे दोन्ही एकमेकींवर बसतात. शिसं आर्सेनिकच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल, तर आर्सेनिकचा आकडा सोडून द्या आणि तो नमुना प्रयोगशाळेकडे पाठवा. बॅटरीच्या शेडमध्ये हे हमखास होतं.

दुसरा शत्रू पाणी. ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की पाणी क्ष-किरण शोषतं, शिवाय वजनात पाण्याचाच वाटा वाढतो. दोन्हींमुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि घाण जमीन स्वच्छ ठरते. पावसानंतर जागेवर थेट घेतलेली रीडिंग म्हणूनच कुचकामी. माती ओव्हनमध्ये १५० अंशांच्या आत दोन ते चार तास वाळवा. पारा असण्याची शंका असेल तर ओव्हन नको, वाऱ्यावर वाळवा. मायक्रोवेव्हही नको, मातीतल्या धातूच्या कणांनी ठिणग्या उडतात. वाळलेली माती कुटून ६० मेशच्या (२५० मायक्रॉन) चाळणीतून काढा, कपात भरा आणि वर मायलरची (पातळ प्लास्टिकची) फिल्म ताणून बसवा. क्ष-किरण मातीत जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर शिरतात, त्यामुळे खडा समोर आला तर तुम्ही त्या खड्याचीच तपासणी करत असता. कप स्टँडमध्येच ठेवायचा. हातात धरून ट्रिगर दाबणाऱ्याला ताबडतोब थांबवा.

एक एकर जागेवर १५ मीटरची चौकट आखली तर साधारण १८ बिंदू पडतात. आधी जागेवरच प्रत्येकी ६० सेकंद मारा, जिथे आकडा उसळेल तिथे चौकट ५ मीटरवर आणा, मग त्याच बिंदूंवर खोली वाढवत जा. पडद्यावरचा ± म्हणजे फक्त मोजणीची चूक, माती सारखी नसल्याची चूक त्यात धरलेली नसते. वेळ चौपट केला तर ती मोजणीची चूक निम्मी होते, पण नमुनाच वाईट असेल तर तासभर मारूनही उपयोग नाही. एकाच बिंदूवर गन थोडी सरकवून तीन रीडिंग घ्या, फरक किती पडतो ते लगेच दिसेल.

अमेरिकेच्या ईपीएची (तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेची) ६२०० क्रमांकाची पद्धत या कामाचा पाया मानली जाते. दिवसाच्या सुरुवातीला, शेवटी आणि दर २० नमुन्यांमागे एकदा शुद्ध सिलिकाचा कोरा, म्हणजे धातू नसलेला, नमुना मारायचा. प्रमाणित मातीचं, म्हणजे जिच्यातलं धातूंचं प्रमाण आधीच माहीत आहे तिचं, रीडिंग ±२० टक्क्यांत बसलं पाहिजे. एनआयएसटी या अमेरिकेच्या मानक संस्थेच्या २७११ए या मातीत शिसं सुमारे १४०० पीपीएम (दहा लाखांत १४०० भाग) आहे, म्हणजे पडदा १००० दाखवत असेल तर त्या दिवसाचं काम थांबवायचं. दहातला किमान एक नमुना प्रयोगशाळेकडे जायलाच हवा, आणि तो नुसता सर्वांत घाण नको. निकष-पातळीच्या (ज्याच्या वर माती काढावी लागते त्या आकड्याच्या) आसपासचे नमुने निवडा, कारण खोदायचं की नाही हा वाद तिथेच होतो. हे नमुने वाचवून बजेट आटोक्यात ठेवलं, तर पुढे सगळा डेटाच कोणी मानत नाही. अशी कंजुषी नेहमी महागात जाते.

एखाद-दुसऱ्या जागेसाठी गन विकत घेऊ नका, दोन-तीन दिवस भाड्याने घ्या. घेताना जादा बॅटरी, स्टँड, प्रमाणित मातीचे कप आणि पुढच्या खिडकीच्या सुट्या फिल्म मागून घ्या. उसाचं खुंट किंवा तार खिडकीत घुसली तर फिल्म फाटून आतला डिटेक्टर जातो, आणि ती दुरुस्ती भाड्याच्या कैकपट पडते. परत करण्याआधी डेटा काढून घ्या, आणि प्रत्येक रीडिंगसमोर बिंदूचा क्रमांक, खोली व ओलावा लिहिलेला आहे का ते तपासा.