पर्सनल ट्रेनरसोबत नऊ महिने : मधुमेह, रक्तदाब आणि रोज विचारला जाणारा एक प्रश्न

नऊ महिने पर्सनल ट्रेनरकडे नियमित व्यायाम केल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. खरे तर सहाव्या महिन्यातच लिहायला बसले होते, आणि तेव्हा पूर्ण केला असता तर तो "या भानगडीत पडू नका" एवढ्यावरच संपला असता. त्यानंतर माझे मत बरेच बदलले; पण एका बाबतीत ते अजिबात बदललेले नाही, आणि या लेखाचा बराचसा भाग त्याच एका बाबीवर खर्च होणार आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस वाचकांना माहीत असेलच, त्यामुळे ती समजावत बसत नाही.

माझे वय ५६. टाइप टू मधुमेहाला आठ वर्षे झाली, रक्तदाबाला सहा, आणि उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. सकाळी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल अशा गोळ्या चालू होत्या. यांतील शेवटची दोन नावे लक्षात ठेवावीत. चालण्याचा व्यायाम मी कित्येक वर्षे नेमाने करत होते, तरीही एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ८.४ वर अडून बसले होते. चालण्याच्या जोडीला वजनांचे व्यायाम हवेत, आणि ते कोणाच्या तरी देखरेखीखाली करावेत, असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणून मी ट्रेनर लावला. स्वतःहून हा खर्च मी कधीच केला नसता.

पहिल्या दिवशी ट्रेनरनी व्यायाम असा काही घेतलाच नाही. चाळीस मिनिटे ते प्रश्न विचारत होते आणि लिहून घेत होते. छातीत कधी दुखते का, चक्कर येते का, तळपायांना बधिरपणा किंवा मुंग्या जाणवतात का, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी शेवटची कधी झाली, असे एकेक विचारून झाल्यावर त्यांनी पुढच्या वेळी सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन यायला सांगितले. पैसे भरलेले एक सत्र बोलण्यातच गेले याचा मला त्या दिवशी मनापासून राग आला होता. डोळ्यांचा पडदा मधुमेहाने फार बिघडलेला असेल तर जोर लावून वजन उचलणे किंवा डोके खाली घालून करायचे व्यायाम धोक्याचे ठरू शकतात, आणि तळपायाला संवेदना नसेल तर बुटात झालेली साधी जखमही कळत नाही, हे मला नंतर समजले. ते कळल्यावर त्या चाळीस मिनिटांबद्दलची तक्रार मी मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकिटे समोर मांडून प्रत्येक गोळीचे नाव, मात्रा आणि घेण्याची वेळ फाइलच्या पहिल्या पानावर लिहिली. तेव्हापासून प्रत्येक सत्राची सुरुवात एकाच प्रश्नाने होत असे : "काकू, गोळी किती वाजता घेतलीत? त्यानंतर खाल्लंत का?" उत्तर मिळेपर्यंत ते मला वॉर्म-अपलाही जाऊ देत नसत. रोज तेच विचारतात म्हणून सुरुवातीला मला कंटाळा येई.

पहिले दोन आठवडे व्यायामाआधी आणि नंतर बोटाला टोचून साखर पाहायला लावली. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या भराभर संपत असल्याचे पाहून मी कुरकुर केली. तेव्हा, हा खर्च कायमचा नाही, तुमचे शरीर कोणत्या व्यायामाला कसे प्रतिसाद देते हे एकदा कळले की फक्त व्यायामात किंवा औषधात बदल झाल्यावरच तपासायचे, असे त्यांनी सांगितले आणि तो शब्द पाळलाही. साखर ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन मगच सुरुवात करायची, हा नियम डॉक्टरांच्या चिठ्ठीतून फाइलमध्ये उतरला. चिठ्ठीत जे नव्हते त्यावर ट्रेनरनी कधी मत दिले नाही. एकदा मी पायावरची सूज दाखवली, तर त्यांनी त्या दिवशीचा व्यायाम थांबवून मला सरळ डॉक्टरांकडे जायला सांगितले.

व्यायामाबद्दल एकच गोष्ट बारकाईने सांगते. खुर्चीतून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे हा माझा पहिला व्यायाम होता. नंतर त्यात दोन्ही हातांत डंबेल आले. उठताना मी नकळत श्वास रोखून धरत असे, आणि जोर लावताना श्वास रोखला की रक्तदाब त्या क्षणापुरता एकदम चढतो. श्वास सोडा असे दहादा सांगूनही माझ्या लक्षात राहीना, तेव्हा त्यांनी मला आकडे मोठ्याने मोजायला लावले. मोठ्याने आकडा म्हणणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. आजही एकटी व्यायाम करताना मी मोठ्याने मोजते. आजूबाजूचे लोक बघतात, पण त्याची मला पर्वा नाही.

दुसरी गोष्ट मनगटावरच्या घड्याळाची. मुलाने हौसेने दिलेले घड्याळ हृदयाचे ठोके दाखवते आणि मी त्याच्याकडे सारखी बघत असे. मेटोप्रोलोल हे ठोके मर्यादेत ठेवणारे औषध आहे, त्यामुळे २२० मधून वय वजा करून काढलेला कमाल ठोक्यांचा आकडा तुम्हाला लागू नाही, असे ट्रेनरनी सांगितले, आणि त्याऐवजी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची मोजपट्टी वापरायला शिकवले. आपल्याला श्रम किती वाटतात ते आपणच आकड्यात सांगायचे, आणि माझ्यासाठी १२-१३ ची पातळी ठरलेली होती. बोलता येते आहे पण गाणे म्हणता येणार नाही, ही त्याची सोपी खूण.

तिसऱ्या महिन्यात एचबीएवनसी ७.६ आले. वजन मात्र जेमतेम दोन किलो उतरले होते आणि मी नाराज होते. स्नायू आकुंचन पावताना इन्सुलिनची फारशी मदत नसतानाही रक्तातील साखर ओढून घेतात आणि त्याचा परिणाम पुढे दिवस-दोन दिवस टिकतो. म्हणून व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये आणि केवळ वजनकाट्यावर भरवसा ठेवू नये, हे मला त्या वेळी पटले. जिना उतरताना कठड्याला धरण्याची सवयही याच सुमारास सुटली.

सहाव्या महिन्यात आमचे ट्रेनर दोन आठवडे रजेवर गेले आणि बदली ट्रेनर आले. फाइल टेबलावरच होती. ती त्यांनी उघडली नाही. त्या दिवशी मला उशीर झाला होता. गोळ्या घेतल्या होत्या, पण खाणे जवळजवळ झालेच नव्हते. रोजचा प्रश्न कोणी विचारला नाही आणि मीही आपणहून सांगितले नाही, हे मान्य करते. त्यांनी मला सायकलवर बसवून जोरात-हळू, जोरात-हळू असा क्रम सुरू केला. माझ्या घड्याळावर ठोके १०४ च्या पुढे जाईनात. ते पाहून, तुम्ही पुरेसा जोर लावत नाही आहात, असे म्हणत ते वेग वाढवायला सांगत राहिले. पंचवीस मिनिटांनी मला दरदरून गार घाम सुटला. समोरच्या पडद्यावरचे आकडे दिसत होते पण वाचता येत नव्हते, आणि "थांबते" हा शब्द तोंडातून नीट फुटेना. दमलात, असे म्हणून त्यांनी साधे पाणी आणून दिले.

पिशवीतले ग्लुकोमीटर मी स्वतःच काढले. साखर ५८ होती. ७० च्या खाली गेली की लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, एवढे पाठ होते म्हणून निभावले. ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून घेतली, पंधरा मिनिटांनी ८१ आली, आणि मग अर्धा तास मी तिथेच बाकावर बसून राहिले. डॉक्टरांनी नंतर जे सांगितले ते प्रत्येक रुग्णाने आणि प्रत्येक ट्रेनरने लक्षात ठेवण्यासारखे आहे. ग्लिमेपिराइडमुळे व्यायामात साखर खाली घसरू शकते. एरवी अशा वेळी होणारी थरथर आणि धडधड मेटोप्रोलोल झाकून टाकते. घाम मात्र झाकला जात नाही. माझ्या बाबतीत इशारा देणारी तेवढीच एक खूण उरली होती, आणि व्यायामशाळेत घामाला कोणीही इशारा समजत नाही.

यानंतर व्यवस्थापनाशी झालेला वाद तीन आठवडे चालला. प्रवेशाच्या वेळी तुम्ही जबाबदारीच्या कागदावर सही केली आहे, असे त्यांनी आधी सांगितले, आणि नंतर चार सत्रे भरून देण्याची तयारी दाखवली. मी पै-पैचा हिशेब ठेवणारी आहे, तरी ती चार सत्रे मी नाकारली. माझी मागणी एवढीच होती की औषधांचे पान फाइलच्या सर्वांत वर असावे, आणि बदली ट्रेनरने ते वाचून त्यावर सही केल्याशिवाय सत्र सुरू करू नये. एका पानासाठी मी एवढा आग्रह का धरते आहे, हे त्यांना शेवटपर्यंत उमगले नाही. अखेर पान वर आले; सहीची पद्धत फक्त माझ्या फाइलपुरती मान्य झाली. तिथे येणाऱ्या इतर मधुमेही सभासदांच्या फाइलींत ती अजूनही नाही, आणि याबद्दलची माझी तक्रार कायम आहे.

याच काळात मी सदस्यत्व सोडणार होते. थांबले ते आमचे ट्रेनर परत आल्यावर. त्यांनी घडलेले सगळे ऐकून घेतले, फाइलमध्ये तारखेसह लिहिले, आणि डॉक्टरांना दाखवण्यासाठी मागच्या सहा आठवड्यांतील साखरेच्या नोंदींचे एक पान मला तयार करून दिले. ते पाहून डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड दोन मिलिग्रॅमवरून एकवर आणली. गोळी कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांचाच होता आणि तसाच तो असला पाहिजे; पण त्या पानाशिवाय तो इतक्या लवकर झाला नसता, असे त्यांनी स्वतः मला सांगितले. पट्ट्यांवरच्या खर्चाबद्दल केलेली कुरकुर मला तेव्हा आठवली आणि वाईट वाटले.

मधुमेह उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ जणांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाचा दाखला व्यायामाच्या बाजूने नेहमी दिला जातो. वजन सात टक्के घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल ही उद्दिष्टे असलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. हे आकडे सांगताना एक गोष्ट बहुधा गाळली जाते : त्या गटातील प्रत्येकाला पहिल्या चोवीस आठवड्यांत सोळा पाठ एकास एक असे समोर बसून शिकवले गेले होते. माझ्या नऊ महिन्यांवरून मला असे वाटते की व्यायाम कोणता, यापेक्षा समोर बसून विचारणारे माणूस कोण, यावर बरेच काही ठरते. मात्र जाहिरातींमध्ये "मधुमेह मुळापासून बरा" असे जे छापले जाते त्यावर विश्वास ठेवू नये. मधुमेह झालेल्या पाच हजारांहून अधिक लोकांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात आहार-व्यायामाच्या गटाचे वजन व साखर सुधारली, पण हृदयविकार व पक्षाघात यांत लक्षणीय घट दिसली नाही. ट्रेनरने गोळ्या बंद करण्याचे आश्वासन दिले तर तिथे पैसे भरू नयेत.

खर्चाचे म्हणाल तर, सातव्या महिन्यात ट्रेनरनी आपणहून तीनऐवजी दोनच सत्रे पुरेशी असल्याचे सांगितले आणि तिसऱ्या दिवसाचा व्यायाम एकटीने करण्यासाठी लिहून दिला. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे, आणि बसून काम करताना अर्ध्या तासाला उठून थोडी हालचाल करणे, हेही त्यातच होते. यात त्यांचेच उत्पन्न घटत होते, आणि तरीही त्यांनी ते सुचवले, याचे मला फार अप्रूप वाटले.

नवव्या महिन्यात एचबीएवनसी ७.१ आले, तेही ग्लिमेपिराइडच्या निम्म्या मात्रेवर. सकाळचा रक्तदाब पूर्वी १४८ च्या आसपास असे, तो आता १३२ ते १३६ दरम्यान राहतो. रक्तदाबाचे औषध तेच आहे. गुडघा पूर्ण बरा झालेला नाही.

गेल्या आठवड्यात सदस्यत्वाचे नूतनीकरण केले, पण सवलत मिळत असूनही वर्षाऐवजी तीनच महिन्यांचे पैसे भरले. भरण्याआधी फाइलचे पहिले पान मागून घेतले. ग्लिमेपिराइडसमोर अजूनही दोन मिलिग्रॅम असेच लिहिलेले होते. कमी झालेली मात्रा आमच्या ट्रेनरनी रोजच्या नोंदींमध्ये टिपली होती, पण या पानावर ती आलीच नव्हती. मी तिथेच पेन मागून दोन खोडले, एक लिहिले, खाली तारीख घातली, आणि ट्रेनरची सही घेतल्यावरच पावतीसाठी खिडकीशी गेले.