जालन्यातला क्षमेचा अभ्यासवर्ग: जावं, पण एसटी बघून

लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या) दिवसांत जालन्यातल्या एका चर्चनं संध्याकाळी क्षमेवर बायबल अभ्यासवर्ग ठेवला होता. फी नाही, दाराशी दानपेटी. बांधावरून माझं दिरांशी बोलणं बंद, म्हणून नणंदेनं मला ओढूनच नेलं.

पाळकसाहेबांनी मत्तयाचा १८ वा अध्याय घेतला. दहा हजार तालांतांचं, म्हणजे अफाट रकमेचं कर्ज माफ झालेला चाकर शंभर दीनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो, तो येशूचा दाखला, म्हणजे बोधकथा. एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. मग शंभर दीनार म्हणजे तीन महिन्यांच्या वर मजुरी झाली की! ती रक्कम किरकोळ नव्हती, तुमचं दुखणंही खोटं नाही, असं ते स्पष्ट बोलले. तिथंच मी सावरून बसले. क्षमा केली म्हणून जमिनीची मोजणी मागे घ्यावी लागत नाही, हेही सांगितलं. (दीर ऐकायला हवे होते.)

माईक मात्र सारखा खरखरत होता आणि प्रश्नांना वेळच उरला नाही. त्याच अध्यायात येशू सांगतो ती ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा रोज त्याच माणसाला करायची का, हे माझं विचारायचं राहिलं. चहा बरा. खेड्यावरून येणाऱ्यांनी शेवटची गाडी बघून बसावं.