परक्या शहरात फिरताना: टॅक्सी की मेट्रो-बस?

थेट दारात सोडण्यात टॅक्सीला तोड नाही. तरीही नव्या शहरात माझा कल मेट्रो-बसकडेच जातो, आणि त्याचं पहिलं कारण पैसा नाही, वाहतूक कोंडी आहे. गाडी ठरावीक वेगाच्या वर असेपर्यंत बहुतेक मीटर अंतराचे पैसे मोजतात; वेग त्याखाली गेला की वेळेचे. म्हणजे सिग्नलला उभ्या गाडीचंही भाडं वाढत राहतं. उशीर आपल्याला, बिलही आपल्यालाच. अ‍ॅपवर आकडा आधी दिसतो खरा, पण जोराचा पाऊस आला की तोच आकडा चढतो, आणि पोहोचायला किती वेळ लागेल हे तेव्हा चालकालाही सांगता येत नाही. मेट्रो रखडली तरी तिकीट तेवढंच राहतं.

थांबण्याचा हिशेब सोपा आहे. दर ६ मिनिटांनी गाडी असेल तर सरासरी ३ मिनिटं जातात. वेळापत्रक बघायलाच नको. बस अर्ध्या तासाने असेल तर मात्र वेळ पाहूनच निघावं.

घोळ होतो तो बहुधा तिकिटात. लंडनच्या मेट्रोत फाटकावर आत जाताना फोन आणि बाहेर पडताना बँकेचं कार्ड टेकवलं, तर बँक खातं एकच असलं तरी यंत्रणेला ते दोन अपुरे प्रवास दिसतात आणि दोन्हींवर कमाल भाडं लागू शकतं. तिथली दिवसाच्या भाड्याची मर्यादाही दिवसभर एकच कार्ड किंवा एकच फोन वापरला तरच लागू होते. दोघं असाल तर दोन कार्डं हवीत.

त्याखालोखाल त्रास देतो तो बाहेर पडायचा मार्ग. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला असे २०० हून अधिक मार्ग आहेत. हॉटेलजवळच्या मार्गाचा क्रमांक आधीच टिपून घ्या, लिफ्ट कुठे आहे तेही बघा, आणि मग फक्त पाट्यांमागे चला.

जड बॅगा आणि दोन ठिकाणी गाडी बदलणं असं एकत्र आलं, किंवा सोबत वयस्कर माणूस असेल, तर मीही टॅक्सीच सुचवेन. चौघांत भाडं वाटलं तर फरकही बराच कमी होतो. रात्री परतायचं असेल तर शेवटच्या गाडीची वेळ त्याच वाराची बघा, रविवारी ती वेगळी असू शकते. वाटेत गाडी बदलायची असेल तर दुसऱ्या मार्गावरची शेवटची गाडी आधी तपासा. बहुतेक जण पहिल्याच मार्गाची बघतात आणि अर्ध्यात अडकतात.